एक किलो तीनशे ग्रॅम

लॅपटॉपची परीक्षणं करणाऱ्या यूट्यूबरांच्या डोक्यात एक ठरावीक गिऱ्हाईक असतं. ते कॅफेत बसतं. त्याच्या घरची लाईट जात नाही. त्याच्या बॅगेत लॅपटॉप आणि पाण्याची बाटली एवढंच असतं, म्हणून वजन दोनशे ग्रॅमने कमी झालं तरी त्याला आनंद होतो. मशीन बिघडलं तर ते संध्याकाळी मेट्रोने जाऊन सर्व्हिस सेंटरला टाकून येतं. गेल्या उन्हाळ्यात मी असे व्हिडिओ ढिगाने बघितले, दीडच्या स्पीडवर, बहुतेक एसटीत बसून. त्यातल्या एकानेही स्क्रीनवर हळदीचा पिवळा कसा दिसतो ते तपासलं नाही. वस्तीवर एकदम सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्या की चार्जर काय करतो, हेही कोणी सांगितलं नाही.

म्हणून हे माझं परीक्षण. कंपनीचं नाव देत नाही, कारण तुम्ही वाचाल तोवर ते मॉडेल बंद होऊन त्याच नावापुढे दुसरा आकडा लागलेला असेल. मोजमापं सांगते: १४ इंची ओलेड स्क्रीन, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, वजन एक किलो तीनशे ग्रॅम, किंमत साठ हजारांच्या आत. बाजारात याला 'स्वस्तातला, पातळ, दमदार' म्हणतात. दमदार आहे, हे मी मान्य करते. पातळ तर आहेच. स्वस्त कोणाला, ते पुढे येईल.

मी शिरूरमधल्या एका फोटो स्टुडिओत एडिटिंग करते. लग्नाचे अल्बम, हायलाइट व्हिडिओ, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेच्या निमंत्रणाच्या पोस्ट. ज्या दिवशी कोणाचं लग्न त्याच दिवशी कोणाचा दहावा, आणि दोन्हींचे फोटो शेजारच्या फोल्डरमध्ये. रांजणगावच्या एमआयडीसीत काम करणाऱ्या दोघींबरोबर शिरूरला रूम करून राहते. घर दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी, उसातल्या वस्तीवर. लग्नं शनिवार-रविवारी, म्हणून माझी सुट्टी मंगळवारी. सोमवारी संध्याकाळी न्हावऱ्यावरून चौफुल्याकडे जाणारी गाडी धरायची, पूल ओलांडून उतरायचं आणि पुढे उसामधून आत जायचं. उसात बिबटे आहेत. जुन्नर, आंबेगाव, शिरूर आणि आमच्याही पट्ट्यात ते आता पाहुणे राहिलेले नाहीत, त्यांची पिल्लंच उसात जन्मतात. अंधार पडल्यावर पप्पा मोटरसायकल घेऊन फाट्यावर येऊन थांबतात, मागे काठी बांधलेली असते.

स्टुडिओचा कॉम्प्युटर स्टुडिओत असतो. सीझनमध्ये रात्री दहापर्यंत बसावं लागतं, कारण एक्स्पोर्ट लावल्याशिवाय उठता येत नाही. सोमवारी काम उरलं की मंगळवार गेला. घरी आईचं म्हणणं एवढंच, की असली नोकरी सोड आणि दौंडला काहीतरी बघ. तिचं बोलणं नोकरीपाशी सुरू होतं आणि स्थळापाशी संपतं. म्हणजे माझ्यासाठी लॅपटॉपचा प्रश्न 'कुठूनही काम करा' असल्या जाहिरातीतल्या स्वातंत्र्याचा नव्हता. काम माझ्याबरोबर हललं तर नोकरी राहणार होती.

दुसरं कारण घरी कोणाला सांगितलं नव्हतं.

आमच्याकडे लग्नाच्या आधी हळद दळतात. जात्याला हळकुंड बांधतात, पाच सवाष्णी बसतात आणि ओव्या म्हणतात. एरवी जातं अंगणात पालथं पडलेलं असतं किंवा त्यात तुळस लावलेली असते, पण त्या दिवशी ते धुऊन आत येतं. शूटिंगला गेलेला मुलगा याचं दहा-पंधरा मिनिटं फुटेज घेतो. ते माझ्याकडे येतं. त्यातले चार सेकंद मी हायलाइटमध्ये घेते: हात, बांगड्या, पिवळी पूड. खालचा आवाज काढून टाकते आणि वर सिनेमातलं गाणं लावते. गिऱ्हाईकाला तेच हवं असतं, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही; लग्न त्याचं आहे. अल्बमची डिलिव्हरी झाली की महिन्याभरात हार्डडिस्क रिकामी करावी लागते, कारण एका लग्नाचं फोरके फुटेज दीडशे-दोनशे जीबी होतं आणि पुढचं लग्न दारात उभं असतं. सगळं सिलेक्ट करायचं आणि डिलीट. चार वर्षांत अशा किती बायकांचे आवाज त्या डिलीटमध्ये गेले ते मोजलेलं नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८०च्या दशकापासून गावोगावी फिरून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून जास्त. त्यातल्या काही आज पारी या संकेतस्थळावर गायिकांच्या नावांसह ऐकता येतात. मला त्या पहिल्यांदा सापडल्या त्या रात्री दोन वाजेपर्यंत मोबाईलवर ऐकत बसले. नंतर लक्षात आलं की तसाच ऐवज दर सीझनला माझ्या टेबलावर येतो आणि मीच तो पुसते.

आवाजाला जागा फार लागत नाही. व्हिडिओतून फक्त ध्वनी वेगळा काढला, नेहमीच्या ४८ किलोहर्ट्झ, १६ बिट, स्टिरिओमध्ये, तर मिनिटाला साडेअकरा एमबी, तासाला सातशेच्या आत. तीस लग्नांच्या वीस-वीस मिनिटांच्या ओव्या धरल्या तरी सात जीबी. एक पेनड्राइव्ह पुरेल. पण पेनड्राइव्हवर काम करता येत नाही. मागचा जनरेटर कमी करायचा, कोण काय म्हणतंय ते ऐकून लिहायचं, त्या बायकांना विचारून परवानगी आणि नाव घ्यायचं, हे स्टुडिओच्या कॉम्प्युटरवर स्टुडिओच्या वेळेत होत नाही.

तर पैसे. चौतीस हजार साठलेले, भिशीचे पंधरा लागले, उरलेले पप्पांकडून. पप्पा कोणत्याही वस्तूची किंमत उसात करतात. २०२४-२५च्या हंगामाला एफआरपी क्विंटलला ३४० रुपये होती, सव्वादहा टक्के उताऱ्याला. म्हणजे टनाला चौतीसशे, आणि त्यातून तोडणी-वाहतूक कापून जाते ती वेगळी. साठ हजार म्हणजे न कापता सतरा-अठरा टन. त्यांनी ते मनात केलं, मला दिसलं. मग विचारलं, "किती वर्षं चालंल?"

शंभर व्हिडिओंत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हटलं, बघून सांगते.

पुण्याला गेले तेव्हा पर्समध्ये दोन गोष्टी होत्या. एक पेनड्राइव्ह, त्यात एका हळदीचे सहा फोटो. आणि शेठकडून एका दिवसासाठी मागून घेतलेलं मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचं डोंगल.

डोंगलचं आधी सांगते, कारण शहरातल्या परीक्षकांना हे माहीतच नाही. गावोगावच्या डीटीपीवाल्यांची पंधरा-वीस वर्षांची कामं कोरलड्रॉच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये आणि युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. तो फॉन्ट मशीनवर नसेल तर 'शुभविवाह'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी उमटते. अशी सॉफ्टवेअर बरीचशी डोंगल लावल्याशिवाय उघडत नाहीत, आणि त्या डोंगलला आपला ड्रायव्हर लागतो. दुकानातल्या मुलाने मला सगळ्यात आधी स्नॅपड्रॅगनचा लॅपटॉप दाखवला. २०२४च्या जूनपासून हे नवे आर्मवाले विंडोज लॅपटॉप आले आहेत. बॅटरी उत्तम, गरम कमी होतात. साधी जुनी सॉफ्टवेअर ते भाषांतर करून चालवतात, पण ड्रायव्हरचं तसं भाषांतर होत नाही. तो आर्मसाठीच बनवलेला लागतो. शेठच्या डोंगलच्या वेळी आर्म मोबाईलमध्ये होतं. मी डोंगल काढून टेबलावर ठेवलं तेव्हा तो मुलगा म्हणाला, "हे काय आहे, मॅडम?" मला त्याक्षणी म्हातारं झाल्यासारखं वाटलं. माझं वय सव्वीस आहे.

मॅकबुक एअरही बघितला. २०२०मध्ये एम-वन आला तेव्हापासून त्यात पंखाच नाही, आणि आवाजावर काम करणाऱ्याला याची किंमत कळते. पण जुनं कोरल तिथे चालत नाही, आणि माझ्या भिशीचा आकडा त्यांनी विचारात घेतलेला नाही. पुढे गेले.

मग फोटो. स्वस्तातल्या बऱ्याच लॅपटॉपच्या डब्यावर बारीक अक्षरात '४५% एनटीएससी' लिहिलेलं असतं. याचा अर्थ, इंटरनेटवरचे आणि छपाईच्या लॅबमधले जे नेहमीचे रंग असतात, ज्यांना एसआरजीबी म्हणतात, त्यातले साधारण साठ-पासष्ट टक्केच ती स्क्रीन दाखवू शकते. ऑफिसच्या कामाला फरक पडत नाही. माझ्या फोटोत मात्र ओली हळद कोरडी होते, कुंकू विटकरी दिसतं, आणि पिवळ्या साडीची हिरवी किनार शेवाळासारखी. नवरीला हळद लागलीय की कावीळ झालीय ते कळत नाही. अशा स्क्रीनवर एडिटिंग केलं की हात आपोआप रंग वाढवत नेतो, आणि अल्बम छापून येतो तेव्हा सगळं वऱ्हाड नारिंगी. दुकानात ओळीने सात मशीनवर मी तेच सहा फोटो उघडले. पाचांनी घात केला. दोन ओलेड होते. त्यांनी उलटा अतिरेक केला, हळद सोन्यासारखी. पण ओलेडला सेटिंगमध्ये जाऊन एसआरजीबीवर खाली आणता येतं. ज्या स्क्रीनमध्ये रंगच नाही तिच्यात तो सेटिंगने येत नाही.

दोनपैकी एक घेतला. पुणे-दौंड डेमूत खोका मांडीवर घेऊन बसले होते. शेजारच्या काकूंनी विचारलं, "मिक्सर का?"

घरी आणल्यावर पहिलं काम म्हणून मी तो दौंडच्या लॅपटॉप-मोबाईल रिपेअरवाल्या भाऊंना दाखवला. वॉरंटीतला असल्याने उघडायचा नव्हता, पण त्यांच्याकडे त्याच घरातला एक मेलेला लॅपटॉप पोट उघडून पडला होता. त्यांनी टोकाने दाखवलं. "ही रॅम, ताई. बोर्डालाच झाळलेली. गेली तर बोर्ड गेला. बोर्ड म्हणजे निम्मा लॅपटॉप." एसएसडी मात्र स्क्रूवर होती, काढता येण्यासारखी. बॅटरी सहा स्क्रूंवर. "एवढं दोन आमच्या हातातलं," ते म्हणाले, "बाकी पुण्याला." त्यांच्या मागे फळीवर जुने जाडे लॅपटॉप रचलेले होते, दहा-बारा वर्षांचे. त्यातल्या रॅमच्या पट्ट्या काढून ते दुसऱ्यात घालतात, एकाचा कीबोर्ड दुसऱ्याला लावतात. तालुक्यातल्या अर्ध्या सेतू केंद्रांची मशीनं त्या फळीवर जगतात. पातळ लॅपटॉप त्या फळीवर येऊन काही देत नाही.

पातळपणा हे मूल्य कुठून आलं ते माहीत आहे. २००८च्या जानेवारीत स्टीव्ह जॉब्ज यांनी मंचावर कागदी पाकिटातून मॅकबुक एअर काढून दाखवला, आणि २०११मध्ये इंटेलने 'अल्ट्राबुक' हा शब्द आणून बाकीच्या कंपन्यांना त्या रांगेत उभं केलं. पण त्याच वर्षांत दुसरा एक लॅपटॉप गावासाठी म्हणून बनत होता. निकोलस नेग्रोपाँटे यांनी २००५मध्ये शंभर डॉलरचा लॅपटॉप जाहीर केला, मुलांसाठी. हिरवा-पांढरा, जाड, वर डोक्याला दोन कानांसारखे अँटेना, कीबोर्ड रबरी म्हणजे धूळ-पाणी जाऊ नये, आणि स्क्रीन अशी की उन्हात नेली तर काळ्या-पांढऱ्यात स्पष्ट वाचता यावी. भारतातला त्याचा पहिला प्रयोग २००७मध्ये आपल्याच राज्यात झाला, रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यात, खैरातच्या छोट्या शाळेत. शंभर डॉलरमध्ये तो कधी बसला नाही, कारखान्यातून निघाला तेव्हा १८८ झाले होते. त्यात ४३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि २५६ एमबी रॅम होती. माझं एक हायलाइट त्यावर उघडलंही नसतं. तरी मला त्याची स्क्रीन हवी आहे. माझ्या ओलेडवर अंगणात बसून काम केलं की फोटोऐवजी माझाच चेहरा दिसतो, मागे ऊस.

आणि शिरूर तालुक्यात राहून पाबळचं नाव न घेणं बरं दिसणार नाही. मस्तानीच्या कबरीमुळे लोकांना पाबळ माहीत असतं. तिथे १९८३मध्ये डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला, शाळेतून गळालेल्या मुलांना हाताने काम करत शिकवणारा: वेल्डिंग, वीज, पाण्याची परीक्षा, शेती. २००२मध्ये तिथे फॅब लॅब उभी राहिली, एमआयटीच्या बाहेर जगात उभ्या राहिलेल्या पहिल्या काहींपैकी एक. वस्तू गावात आली तर तिचं पोट गावात उघडता आलं पाहिजे, असं मी त्या कामातून समजते. इकडे रांजणगावला फ्रिज, वॉशिंग मशीन, टीव्ही बनतात, २०२२मध्ये केंद्र सरकारने तिथे इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टरही मंजूर केलं, माझ्या रूमवरच्या दोघीजणी दिवसभर सर्किट बोर्डच हाताळतात. आणि माझ्या लॅपटॉपचा बोर्ड गेला तर तो खोक्यात घालून पुण्याला न्यायचा.

हे सगळं माहीत असून पातळच घेतला. जाडा घेतला असता तर रॅम बदलता आली असती, कार्डाचा स्लॉट मिळाला असता, दोनऐवजी चार पोर्ट मिळाले असते. पण सव्वादोन किलोचा लॅपटॉप आणि त्याचा विटेएवढा चार्जर मी दर सोमवारी एसटीत मांडीवर घेऊन, उतरल्यावर मोटरसायकलवर पाठीला लावून नेणार नव्हते. दोन महिन्यांत तो रूमवर राहायला लागला असता. दीड हजारांचा एक हब घ्यावा लागला, डोंगलला आणि कॅमेऱ्याच्या कार्डाला. तो धरून वजन दीड किलोच्या आत. तुम्ही माझ्यासारखे दोन ठिकाणी राहत नसाल, मशीन टेबलावरून हलणार नसेल, तर मात्र पातळच्या नादी लागू नका. त्याच पैशात जाडा जास्त काम देईल आणि भाऊंच्या फळीवर जास्त वर्षं जगेल.

आता कामाचं. तीन मिनिटांचं फोरके हायलाइट स्टुडिओच्या जुन्या डेस्कटॉपवर एक्स्पोर्टला एकेचाळीस मिनिटं घ्यायचं. इथे चार्जर लावून आठ, नुसत्या बॅटरीवर तेरा. पहिल्यांदा आठ मिनिटांत झालं तेव्हा काय करायचं ते सुचेना. त्या एकेचाळीस मिनिटांत माझा चहा, जेवण आणि भांडणं बसवलेली होती. पण हा आकडा जानेवारीतला आहे. मे महिन्यात, दुपारी दोनला, पत्र्याखाली, सलग तिसरं एक्स्पोर्ट बारा मिनिटांवर गेलं. यात काही गूढ नाही. पातळ लॅपटॉपमधले प्रोसेसर बहुधा १५ ते २८ वॉटच्या हिशेबाने बसवलेले असतात. थोडा वेळ ते त्याच्या दुप्पट ओढतात, मग उष्णता बाहेर टाकायला जागा नसते म्हणून स्वतःच दम कमी करतात. परीक्षक एसीत बसून एकदाच चाचणी घेतात. तुम्ही लागोपाठ तीनदा घ्या. आणि गोधडीवर ठेवू नका, हवा खालून आत जाते. मी खाली दोन वह्या ठेवते, कडांना. त्याने अर्धा-एक मिनिट वाचतं.

विजेच्या बाबतीत मात्र याने मला गार केलं. वस्तीवर रात्री शेतीपंपांची लाईट आली की व्होल्टेज बसतं, ट्यूब नुसती फडफडते. लॅपटॉपच्या चार्जरवर लिहिलेलं असतं: १०० ते २४०. तो १५०वरही शांतपणे चार्ज करत राहतो. स्टुडिओतला डेस्कटॉप अशा वेळी बंद पडतो, आणि तेवढ्यासाठी यूपीएस, आणि त्या यूपीएसच्या बॅटरीसाठी दर दोन वर्षांनी रडारड. शिवाय टाईप-सीवर चार्ज होतो, म्हणून ६५ वॉटची पॉवरबँकही चालते. वीस हजार एमएएचची म्हणजे कागदावर ७४ वॉट-तास. गळती जाऊन माझा लॅपटॉप पाऊण भरतो. लाईट नसलेला एक अख्खा मंगळवार त्यावर निघतो.

शेठना सांगितलं की सोमवारी दुपारी मी निघेन आणि काम घेऊन जाईन. त्यांनी आधी पगाराचं तोंड वाकडं केलं. मग दोन आठवड्यांनी फाईल मंगळवारी दुपारी ड्राइव्हवर दिसायला लागल्या तेव्हा गप्प बसले. आता अडचण वेगळी आहे: मंगळवार सुट्टीचा राहिलेला नाही. काम माझ्याबरोबर हलतं, तसं ते घरीही येऊन बसतं, आणि आई म्हणते, याच्यापेक्षा तू तिकडं होतीस ते बरं. पण अंधाराच्या आत फाट्यावर उतरते. पप्पा काठी अजून बांधतात, सवयीने.

हळदीचे आवाज मी आता डिलीट करण्याच्या आधी उतरवून घेते. शेठना आणि लग्नघरी विचारून. एका घरी नको म्हणाले, त्यांचं काढून टाकलं. बाकी बहुतेकांना मी ते का मागतेय तेच कळत नाही: "त्या म्हाताऱ्यांचं? घे की." ऑडॅसिटी फुकट मिळतं, त्यात जनरेटरची घरघर बऱ्यापैकी खाली नेता येते. डीजे नेता येत नाही, तो आवाजाच्या अंगावरच बसलेला असतो. ऑडॅसिटी चालताना लॅपटॉपचा पंखा जवळजवळ बंद असतो. मॅकबुकची आठवण फक्त एक्स्पोर्टच्या वेळी येते.

सीझन संपल्यावर दौंडच्या एका मावशींकडे गेले, स्टेशनच्या पलीकडे राहतात. त्यांच्या पुतण्याच्या लग्नातला तुकडा होता, अकरा मिनिटांचा, पाच जणी. मला दोन ओळींतले शब्द लागत नव्हते आणि नावं हवी होती. लॅपटॉप पाटावर ठेवला, त्यांना हेडफोन लावला. त्यांनी तो काढला आणि म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू दे. स्पीकर लावले. पातळ लॅपटॉपचे स्पीकर पातळच असतात, खालचा सूर येतच नाही, हे परीक्षणात लिहायचं राहिलंच होतं. पण बायकांचा आवाज वरचा, तो नीट आला. मावशी बोटावर नावं मोजत गेल्या. चौथ्या आवाजाला थांबल्या आणि पुन्हा लाव म्हणाल्या. ती त्यांची जाऊ. लग्नानंतर आठव्या महिन्यात गेली. फोटो भरपूर आहेत, अल्बममध्ये मीच लावलेले, पण बोलतानाचं काही नाही. फोनवरचं कोणी कशाला ठेवतं. त्यांनी तो तुकडा चार वेळा ऐकला. मग न अडखळता मला ते न लागणारे शब्द सांगितले. मी माहेरच्या गावाचं नाव समजत होते, ती एका बैलाची हाक होती. मी युनिकोडमध्ये लिहून घेतलं, म्हणजे फॉन्टवाचून अडायला नको. मोबाईलवर पाठवायला सांगितलं म्हणून तिथेच पाठवलं. त्यांच्या सुनेने तो रिंगटोन केला, यावर मी काही मत देत नाही.

ती फाईल आता तीन ठिकाणी आहे: लॅपटॉपमध्ये, एका बाहेरच्या डिस्कवर, आणि मावशींच्या घरात निदान सहा फोनवर. झाळलेल्या बोर्डावर भरवसा ठेवून एकाच जागी ठेवायचं नाही, एवढं भाऊंच्या दुकानात शिकले.

पप्पांना उत्तर द्यायचं राहिलं होतं. त्यांना प्रोसेसरमध्ये रस नाही, ते टायर बघतात. लॅपटॉपचा टायर म्हणजे बॅटरी. ती तीनशे ते हजार वेळा भरून रिकामी झाली की मूळच्या साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, उन्हाळा कडक असेल तर लवकर. ऐंशी टक्क्यांच्या वर चार्ज होऊ न देण्याची सोय सेटिंगमध्ये असते, ती पहिल्याच दिवशी लावली. विंडोजमध्ये एक आज्ञा आहे, ती दिली की बॅटरी मुळात किती वॉट-तासांची होती आणि आता किती धरते याचा अहवाल मिळतो. दर महिन्याच्या एक तारखेला मी तो काढते आणि टक्के कालनिर्णयवर लिहिते, दुधाच्या हिशेबाखाली. जानेवारीत १०० होते. मेच्या उन्हात दोनने घसरले. या महिन्यात ९५ आहेत. पप्पांनी शेजारी पेनाने भागाकार मांडलाय. कशाला कशाने भागलंय ते मला कळलं नाही, पण उत्तराच्या जागी सहा लिहून त्यांनी त्याभोवती गोल केलाय, आणि पुढे प्रश्नचिन्ह.